बाभळीचा ठोकळा

कपिलने इंजिन ट्यून करून आणल्यावर पिकअपची ताकद दीडपट झाली. तोवर पिकअपला जोडलेली कांद्याची ट्रॉली गणेश खिंड चढू लागली की कोंडाआत्या बाभळीचा ठोकळा घेऊन मागे चालायची. गाडी दमली की तो चाकाखाली सरकवायची. "तो आता चुलीत घाल, आत्या! गाडी डोंगर ओढंल," कपिल हसला होता. पहिल्याच फेरीला इंजिनाने असा हिसका दिला की ट्रॉली जोडणारी जुनी पिन तुटली. ट्रॉली मागे घरंगळली. सवयीने मागून चालणाऱ्या आत्याने मिळेल तो दगड चाकाखाली लावला. दगड निसटला आणि चाक तिच्या पायावरून गेलं. आज कपिल तिच्या खाटेशी बसून नवा ठोकळा तासत होता. "आत्या, जुना खरंच जाळलास?" त्याने मान न उचलता विचारलं. "तूच म्हनला व्हतास रं. त्या सकाळचा तुझा च्या त्याच्यावरच केला व्हता."