रिकाम्या वर्गातली सापशिडी

“सोमवारी तोंडी परीक्षा आहे. तेव्हाही अपेक्षा बोलली नाही, तर माझ्या हातात काही राहणार नाही,” मधुवंती मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. “मुख्याध्यापिकांचं म्हणणं आहे, तिला वेगळ्या शाळेत घालावं. विशेष मुलांच्या.”

मेघाने लेकीकडे पाहिलं. बाजूच्या बाकावर सात वर्षांची अपेक्षा पाय हलवत बसली होती. पोरीचं अक्षर मोत्याचं, गणितं बिनचूक. पण जूनमध्ये या शाळेत आल्यापासून ती इथे कोणाशी एक शब्द बोलली असेल तर शपथ. हजेरीला हात वर करायची, तहान लागली तर बाटली दाखवायची.

आणि घरी? मनीषनगरच्या त्यांच्या दोन खोल्यांत हिची टकळी थांबेल तर खरं. तिचा बाप नागसेन बुटीबोरीहून ड्यूटी करून आला की चपला काढायच्या आत त्याला अख्ख्या दिवसाची बातमी मिळायची.

दुसरी एखादी पोर असती, तर हट्टी आहे असं तरी म्हणता आलं असतं. अपेक्षा तशी नव्हतीच. शाळेच्या पहिल्या दिवशी फाटकाशी तिची वेणी नीट करता करता मेघाने सूचनांची सरबत्ती केली होती आणि पोरीने गंभीरपणे प्रत्येक सूचनेला मान डोलावली होती. डबा पूर्ण संपव, रिकामा यायचा. पायऱ्यांवर धावू नको, कधी धावली नाही. इतकं आईचं ऐकणारं लेकरू शोधून सापडायचं नाही.

मॅडमचं तर मेघाला मनापासून कौतुक वाटे. इतक्या महिन्यांत बाई एकदाही “बोल ना, बोलत का नाहीस?” म्हणाल्या नाहीत. मुलं “मुकी, मुकी” करायला लागली, तेव्हा चिडल्या नाहीत; अपेक्षाला फळ्यावर तारीख लिहायचं काम देऊन टाकलं. आणि बोलायच्या किती गोड! एकेक शब्द धुऊन वाळवून ठेवल्यासारखा. पुण्याच्याच असणार, मेघाने ठरवून टाकलं होतं. त्यांच्यासमोर ती स्वतःही जपून, तोलून बोले. घरी पोचेपर्यंत जीभ दमून जाई.

“घरी बोलताना तिचा व्हिडिओ काढून पाठवाल?” मॅडमनी एकदा विचारलं होतं. मेघाने बरेच काढले. बापाशी भांडताना, मांजरीला रागावताना. पाहिले आणि पुसून टाकले. मॅडमना काय वाटेल? शेवटी पाठ केलेल्या कवितेचा तेवढा पाठवला.

मग मॅडमनीच सापशिडीची युक्ती काढली. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात माय-लेकींनी खेळायचं. मॅडम आधी व्हरांड्यात बसल्या. मग दारात. मग शेवटच्या बाकावर. घाई म्हणून नाही. मेघाही साड्यांच्या दुकानातून लवकर निघायची, मालकीणबाईंची बोलणी खायची, पण एक दुपार तिने चुकवली नाही. अपेक्षा आता आईच्या कानाला तोंड लावून कुजबुजायची. तेवढ्यावरही दोघी बाया एकमेकींकडे पाहून हसायच्या.

मधेच मॅडमचा फोन वाजे. त्या लगबगीने बाहेर जात, पार व्हरांड्याच्या टोकाला. फोनवर बोलायलाही किती शिस्त, मेघाला वाटे.

परीक्षेच्या आधीची ती शेवटची दुपार होती. वर्गाबाहेर मेघाने लेकीला छातीशी धरलं.

“आज बोलजो वं बाई. मॅडमसमोर एक शब्द बोलजो.”

अपेक्षाने मान वर करून आईकडे पाहिलं. “सच्ची बोलू?” ती कानात कुजबुजली.

“हे काय विचारणं झालं?” मेघा म्हणाली. तिला हसूही आलं आणि रडूही.

मॅडम त्या दिवशी सरळ सतरंजीवर येऊन बसल्या. अपेक्षा जरा आक्रसली, पण उठली नाही. खेळ सुरू झाला. मॅडमची सोंगटी मोठ्या सापाने गिळली, तशी पोरगी चक्क हसली आणि सरकून त्यांच्या मांडीला टेकली.



नेमका तेव्हाच फोन वाजला. मॅडमनी पडद्यावर नाव पाहिलं, दाराकडे पाहिलं, मांडीला टेकलेल्या डोक्याकडे पाहिलं. उठल्या असत्या तर इतक्या महिन्यांची मेहनत तिथेच संपली असती. त्यांनी बसल्या जागी फोन कानाला लावला.

“काय वं माय?” मॅडम म्हणाल्या. “गोळी काहून नाही घेतली? उपाशी नको घेऊ, पहिले भात खाऊन घे. हाव, हाव, मी येऊनच राहिली.”

मेघा बघतच राहिली. मॅडम कानापर्यंत लाल झाल्या. फोन ठेवून त्या फासा शोधायला लागल्या. तो त्यांच्याच हातात होता.

अपेक्षाने डोकं उचललं. डोळे विस्फारले होते.

“मॅडम,” ती म्हणाली. स्वच्छ, खणखणीत. “तुमाले बी असं बोलता येते?”

मेघाचे डोळे भरून आले. बोलली! शाळेत, मॅडमशी, एवढं मोठं वाक्य! तिने मॅडमचा हात घट्ट धरला. त्यांचेही डोळे ओले होते.

“येते नं,” मॅडम हळूच म्हणाल्या. “मी इकडचीच, दारव्ह्याची आहो. घरी असंच बोलतो आम्ही.”

अपेक्षाने आधी आईकडे पाहिलं, मग मॅडमकडे. तिला एक गोष्ट कळेना.

“मंग तुमच्या मायनं नाही सांगतलं काय तुमाले,” तिने विचारलं, “पहिल्या दिवशी, फाटकापाशी, का असं बोलशील तं लोकं हासतीन, त्याच्यापरीस शाळेत तोंडच उघडू नको म्हणून?”