आठवा टेक

सातव्यांदा पडून झाल्यावर ती उठलीच नाही. जिन्याच्या खालच्या पायरीशी, सांडलेल्या कॉफीत तशीच बसून राहिली. मॉनिटरमागून दिग्दर्शक म्हणाला, पहिल्या भागात कशा मस्त पडला होतात, अगदी तसंच हवंय, आत्या. अगदी तसंच म्हणे! पहिल्या भागाला पाच वर्षं झाली होती आणि तिचा डावा गुडघा त्याच पडण्यात कामातून गेला होता.

त्या सिनेमात खून कोणी केला, ते आज विचारलं तर दहातल्या नऊ जणांना सांगता येणार नाही. पण घरातल्या बड्या मंडळींसाठी कॉफी आणणारी आत्या ट्रेसकट जिन्यावरून कशी गडगडत येते, ते पोराटोरांनाही पाठ. लोक खुन्यासाठी थोडेच येतात? हसायला येतात. म्हणून तर दुसऱ्या भागाच्या पोस्टरवर प्रेत एवढंसं आणि ती भलीमोठी, दोन्ही पाय हवेत. नाटकांतून तीस वर्षं तिनं लोकांना रडवलं होतं, ते सगळं पाण्यात गेलं. आता भाजी घ्यायला गेली तरी कोणीतरी म्हणायचं, आत्या, एकदा पडून दाखवा ना. नवरा गेला त्या दिवशी हॉस्पिटलच्या दारात एका माणसानं सांत्वन करता करता फोटो मागितला. वर म्हणतो कसा, जरा हसा. ती हसली होती. त्याचा संताप तिला अजून यायचा, त्या माणसाचा कमी, स्वतःचा जास्त.

या भागात एकदाच पडेन आणि मला एक तरी धड सीन द्या, या दोन अटींवर ती आली होती. दिग्दर्शकानं दोन्हींना मान डोलावली होती. सीन कुठून देणार? सिनेमाचा शेवटच लिहून झाला नव्हता. लेखक तीन दिवस सेटच्या कोपऱ्यात डोकं धरून बसला होता. आठ माणसं एका खोलीत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत कॉफी येते, सगळे पितात आणि मरतो एकटा म्हातारा. विष घातलं कोणी आणि कधी, ते त्याचं त्यालाच सुचत नव्हतं. ज्याच्यावर बोट ठेवावं तो पहिल्या दहा मिनिटांत ओळखू येणारा.

"आत्या, आठवा टेक घेऊ," दिग्दर्शक म्हणाला. सोफ्यावर बसलेल्या नटांपैकी कोणीतरी आधीच खुदकन हसलं.

मग मात्र तिचं टाळकं सटकलं. कठड्याला धरून ती उभी राहिली.

"हसा. तुमचं काय जातंय? बाई पडली की तुम्ही सगळे दात काढता, उठवायला एक जण येत नाही. तीच उठते. तीच कप गोळा करते. तीच आत जाऊन दुसरी कॉफी करून आणते, एकटी. आणि ती ढोसताना एकही जण तिच्या तोंडाकडे बघत नाही. कागदावर नाही, आणि इथंही नाही. मी काय माणूस नाही?"

दिग्दर्शक माफी मागायला तोंड उघडणार, एवढ्यात कोपऱ्यातली खुर्ची सरकली. लेखक उभा राहिला होता.

"आत एकटीच जाते?" त्यानं विचारलं.

"पहिल्या भागापासून," ती म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. पायांकडे नाही, चेहऱ्याकडे. सोफ्यावरच्या एका नटानं ओठाला लावलेला कप हळूच खाली ठेवला.

दिग्दर्शकाच्या डोक्यात उजेड पडायला जरा वेळ लागला. मग तो धावतच आला आणि एका दमात बोलत सुटला. गुडघ्याला त्रास नको, पडायला दुसरं कोणी उभं करतो, तुम्ही फक्त नंतरची, विषाची कॉफी घेऊन बाहेर या. तिनं त्याला पुरतं बोलूही दिलं नाही. राग तसूभर कमी झाला नव्हता. बाहीवरची कॉफी झटकून तिनं पुढच्या टेकसाठी भरून ठेवलेला ट्रे उचलला आणि एकेक पायरी चढत ती जिन्याच्या टोकाला गेली. तिथून वळून तिनं सगळ्यांकडे पाहिलं.

"पडते मीच," ती म्हणाली. "तुम्ही पोटभर हसा."