काढलेले पार्ट

छोटी गाडी घेतली त्याच वर्षी तिचं इंजिन दोनदा खोलावं लागलं. गॅरेजवाल्याने काढलेले पार्ट काकांच्या हवाली केले. "बघून घ्या, नंतर म्हणाल बदललेच नाहीत." काकूंनी ते पत्र्याच्या डब्यात भरून पलंगाखाली सरकवले.

त्यानंतर इंजिनाने कधी कुरकुर केली नाही. काकू गेल्या, मुलगी लग्न होऊन लांब गेली, घर खायला उठलं. इंजिन मात्र ठणठणीत. "काका, हे झिजतच नाही हो," गॅरेजवाला दर खेपेला बॉनेटखाली डोकं घालून म्हणायचा.

झिजत होते ते डब्यातले पार्ट. काका गाडी फिरवून घरी आले की डबा कोमट लागायचा आणि आतल्या पिस्टनच्या रिंगा आणखी पातळ दिसायच्या. पहिल्यांदा त्यांची पाचावर धारण बसली. पुढे सवय झाली. घरात तेवढीच काय ती ऊब, म्हणून ते डबा मांडीवर घेऊन बसायचे. कधी त्याच्याशी दोन शब्द बोलायचेही.

एका संध्याकाळी त्यांनी झाकण काढलं, तर तळाशी फक्त चिमूटभर काळी पूड उरली होती.

दुसऱ्या दिवशी ते गाडी घेऊन तडक गॅरेजात गेले. इंजिन तपासून गॅरेजवाला हसला. "अजून नवंकोरं आहे. तुम्ही थकाल, हे थकायचं नाही."

घरी येऊन काकांनी सवयीने डब्यावर हात ठेवले. डबा थंडगार होता.

तळहात मात्र तापले होते. त्यांनी ते दिव्याखाली धरले. हातावरच्या रेषा पुसट झाल्या होत्या, झिजल्यासारख्या.