मागचं चक्र

वैजनाथ जिंकला तर त्याच्या पदरात पडणार होतं ते असं: गावातल्या गाड्यांच्या शौकीन माणिकरावांच्या खर्चानं पुणं, तिथल्या वेगाच्या स्पर्धेत आपली गाडी पळवायची संधी, आणि जमलंच तर पेपरात फोटो. पण हे झालं वरवरचं. खरी कमाई वेगळीच होती. यातलं काही म्हणजे काही समोरच्या रत्नपालला मिळणार नव्हतं, ही.

आखाडा बाळापुरात दोघांची गॅरेजं समोरासमोर. जुन्या टू-स्ट्रोक गाड्या सोलायच्या, इंजिनं घासायची आणि सरळ रस्त्यावर पळवायच्या, हा दोघांचाही नाद. गेल्या साली रत्नपालनं सायलेन्सर अर्धा कापला तेव्हा वैजनाथ पोट धरून हसला होता. मग हरला. तेव्हापासून रत्नपाल शिंकला तरी वैजनाथ त्यामागचं कारण शोधायचा.

संक्रांतीनंतर रत्नपालच्या गाडीचा दिवा गेला. मग मडगार्डं, मग सीट. इकडं वैजनाथनंही आपल्या गाडीवरचं तेवढंच उतरवलं. एक दिवस पाना मागायच्या निमित्तानं तो समोर गेला आणि त्याची नजर मागच्या चाकावर अडकली. चेनचं दातेरी चक्र जेवायच्या ताटाएवढं!

"काय करून राहिला रे?"

"काय न्हाई, वैजूभाऊ. नको ते काढून राहिलो."

"अन् हे एवढं मोठं काहून बसवलं?"

"लागतंय."

"कशाला?"

"काम झालं की दाखवतो ना. च्या घेता?"

चहा वैजनाथनं घेतला, पण तो काही गोड लागला नाही. मागचं चक्र मोठं केलं की गाडीला जोर येतो आणि वेग कमी होतो, हे त्याला पाठ होतं. पण ते रत्नपाललाही पाठ होतं. मग त्यानं बसवलं म्हणजे काहीतरी गोम असणारच.

"तुमची गाडी चांगली पळून राहिली व्हती की," बायको मंजुषा म्हणाली. "लोकाच्या ताटात काहून बघता?"

"तुला त्यातलं काय कळतंय?"

तो नांदेडला गेला आणि तसलंच चक्र घेऊन आला. दोन दाते जास्तीचेच.

रस्त्यावर गाडी काढली तर रत्नपालला दिसेल, म्हणून सराव मागच्या गल्लीतच. मूठ पिळली की गाडी जागेवरून अशी उसळायची की कोंबड्या थेट पत्र्यावर. वैजनाथ खूश.

होळी झाली आणि पुण्याची गाडी निवडायला माणिकराव घड्याळ घेऊन कॅनॉलच्या रस्त्यावर बसले. एकेकानं पळायचं. ताशी शंभराच्या खालची गाडी पुण्याला घेत नव्हते. रत्नपालचा अजून पत्ता नव्हता. मागून येऊन मिरवणार, वैजनाथनं ताडलं.

तो सुटला. सुरुवातीला गाडी झेपावली. मग इंजिन नुसतं किंचाळत राहिलं आणि रस्ता काही सरेना.

"सत्तर," माणिकराव म्हणाले. "वैजू, दिवाळीला तर एकशेपाच काढले व्हते तू!"

"असू द्या. आता रत्नपालचं बघा. त्याचंबी चक्र तसलंच हाय. तो तरी साठाच्या वर जातो का बघू."

"रत्नपाल? त्याच्या गाडीच्या त्या चक्रावर सासऱ्याचा हळद पॉलिश करायचा ड्रम फिरून राहिला." माणिकरावांनी घड्याळ खिशात टाकलं. "त्यानं दिवाळीलाच नाव मागं घेतलं. वैजूभाऊच्या गाडीला आपली पुरत न्हाई, त्यालाच न्या, म्हणला. पुण्याला तूच जाणार व्हतास, लेका. दुसरं कोणी नव्हतंच."