पन्नास येईपर्यंत

उन्हात लावायची क्रीमं तपासायचं काम सूनबाई करते. आज घरी आल्यापासून तिच्या नुसत्या येरझारा चालल्या होत्या.

"बस की गं! डोकं गरगरलं माझं."

"आई, ट्यूबवर संरक्षणाचा आकडा पन्नास छापलाय. तपासलं तर सहाच आला. साहेब म्हणतात, पन्नास येईपर्यंत पुन्हा पुन्हा तपास."

"मला दुसरीत एकदाच नापास केलं नि घरी बसवलं. या क्रीमचे बरे लाड!"

"हसू नका हो. हे फासून लेकरं उन्हात खेळतील, भाजून निघतील."

"लाव फोन तुझ्या साहेबाला."

तिनं घाबरतच लावला. मी तो हिसकावून घेतला.

"काय रे साहेबा, आई बोलतेय. तुझ्या बायकोनं नापास केलेलं क्रीम नापासच राहील."