डाव्या कुशीचा तारा

"आकडा सांगू नका, नुसतं बघा," घड्याळजी फोनवर मास्तरांना म्हणाले. "त्या मोठ्या ताऱ्याच्या डाव्या कुशीला. आणि हात चालवा, साडेआठला तो पश्चिमेच्या इमारतीमागे जाईल."

दहा मिनिटांनी मास्तरांचा फोन आला.

"दिसला?"

मास्तर जरा थांबले. "दिसला."

गच्चीत दुसरं कोणी नव्हतं म्हणून बरं. साठी उलटलेल्या घड्याळजींनी चक्क एक गिरकी घेतली.

तीस वर्षं दोघं आपापल्या गच्चीवरून, आपापल्या दुर्बिणीतून तेच तारे बघत होते. शिरस्ता एकच. आधी ताऱ्याच्या तेजाचा आपला आकडा आपल्या वहीत लिहायचा, मग बोलायचं, म्हणजे एकाची चूक दुसऱ्याला लागत नाही. आणि आज सापडला होता तो बहुतेक बटुनवतारा. हा तारा वर्षानुवर्षं दिसत नाही, एके संध्याकाळी एकदम भडकतो आणि आठवड्याभरात विझत जातो. तो पहिल्यांदा ज्याला दिसतो, त्याचं नाव नोंदीत कायमचं राहतं. घड्याळजींनी जन्मभर दुसऱ्यांची घड्याळं दुरुस्त केली होती. हा तारा त्यांना हवाच होता, लहान मुलाला हवा असतो तसा.

रोज ते लेकीला आकडा सांगत. ती तो कॉम्प्युटरवरून वेधकेंद्राला पाठवी. पडद्यावरची अक्षरं म्हणजे नुसत्या मुंग्या, असं त्यांचं मत होतं. हल्ली त्यांचं कशाशीच पटत नसे. दुकानातला दिवा त्यांनी तीनदा बदलला आणि तिन्ही वेळा बल्ब बनवणाऱ्यांची अक्कल काढली. चावीची घड्याळं ते परत पाठवू लागले होते. सुटे भाग पूर्वीसारखे येत नाहीत, म्हणून आता फक्त पट्टे आणि सेल.

आठ दिवस आभाळ निरभ्र होतं. आठही दिवस तारा जागेवर होता, तेज बारा-चार, तसूभर कमी नाही.

"भलताच चिवट निघाला हो!"

"हं," मास्तर म्हणाले.

नवव्या दिवशी संध्याकाळी केंद्रातल्या बाईंचा फोन आला, सभासदांचे पत्ते तपासायला. घड्याळजींनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आमच्या ताऱ्याला नाव कधी लावताय?"

"कुठला तारा?" बाईंनी नोंदी काढल्या. "तुम्ही आठही दिवस हेच कळवलंय ना? 'जागा पाहिली, काही दिसलं नाही.' मास्तरांचंही तेच आहे."

घड्याळजी फोन ठेवून स्वयंपाकघरात गेले. "काय पाठवलंस तू माझ्या नावानं?"

लेकीनं पुसलेलाच कप पुन्हा पुसला. "मास्तरकाकांना विचारा, बाबा."

म्हणजे दोघांचं संगनमत! तोंडावर 'दिसला' आणि पाठीमागे 'दिसला नाही'. तारा दाबून ठेवायचा आणि सवडीनं आपल्या नावावर करायचा. मास्तर तर मास्तर, पोटची पोरही सामील. घड्याळजींना रडू आलं. तसेच ते चपला अडकवून निघाले.

मास्तरांच्या उंबऱ्याला ते अडखळले. आधी उंबऱ्याचा उद्धार केला, मग मास्तरांचा.

"तीस वर्षं, मास्तर! तीस वर्षांनी केसानं गळा कापलात माझा! मागितला असतात, तर हातानं दिला असता तारा!"

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. घड्याळजी थकून खुर्चीत बसले, तेव्हा त्यांनी पाणी आणून दिलं आणि एकटेच वर जाऊन आले.

"चला. स्वतः बघा, मग हव्या तेवढ्या शिव्या द्या."

गोल जिन्यात काळोख होता. मास्तरांनी हाताला धरून त्यांना वर नेलं आणि दुर्बिणीपुढच्या स्टुलावर बसवलं.

घड्याळजींनी डोळा लावला. त्यांना शोधावंसुद्धा लागलं नाही.

"हा काय! मोठ्याच्या डाव्या कुशीला! बारा-चार, कालच्याइतकाच! आता म्हणा, दिसत नाही म्हणून!"

मास्तर त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "घड्याळजी, नऊ वाजून गेलेत. ती जागा केव्हाच इमारतीमागे गेली. दुर्बीण पूर्वेला आहे."