कोबीसारखा गुलाब

ॲरिझोनाच्या खिंडीत घोडागाडी थांबली. "उतरा. गळ्यातलं काढा." तोंडाला रुमाल बांधलेल्या दरोडेखोराने पिस्तूल रोखलं होतं.

एलिनॉर गाडीतून खाली उतरली. पुढच्याच गावी तिचं लग्न होतं, पत्रांतून ओळख झालेल्या माणसाशी. 'माझ्या धंद्यात प्रवाशांशी रोज संबंध येतो,' असं त्याने लिहिलं होतं.

दरोडेखोर समोर आला. साखळी काढताना तिची नजर त्या रुमालावर गेली आणि हात तिथेच थांबले. कोपऱ्यात लाल दोऱ्याने भरलेला गुलाब थेट कोबीच्या गड्ड्यासारखा होता. असा गुलाब तिलाच जमायचा, आणि हा रुमाल तिनेच होणाऱ्या नवऱ्याला पाठवला होता.

"हाच का तुमचा धंदा?" तिने विचारलं.

पिस्तूल हळूहळू खाली आलं.

"तुम्ही," तो चाचरत म्हणाला, "उद्याच्या गाडीने येणार होतात ना?"